जुन्या गाडीची कसोटी

‘जुने ते सोने’ ही म्हण आमच्या घरात इतक्या वेळा उच्चारली जाते की, ती म्हण नसून एखादा कुलाचारच असावा असे परक्या माणसास वाटेल. पाते बोथट झालेला अडकित्ता, कल्हई उडालेली पातेली, तीन पायांवर कसाबसा तोल सांभाळणारा चौरंग, या सर्वांस या एका म्हणीने आजवर अभय दिलेले आहे. परंतु हीच म्हण म्हणणारी मंडळी सराफाच्या पेढीवर गेली म्हणजे सोने कसोटीच्या दगडावर घासून पाहिल्यावाचून एक गुंजही विकत घेत नाहीत. सोन्यास जी कसोटी, ती जुन्यास का नको, हा साधा प्रश्न आम्हांस आमच्या वयाच्या चोपन्नाव्या वर्षापर्यंत सुचला नव्हता. तो सुचविला एका जुन्या मालमोटारीने. आणि तिच्या निमित्ताने जे आमच्या ध्यानात आले ते मोटारीपुरतेच नव्हते, म्हणून ही हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

वाईस कृष्णेच्या घाटापासून जवळच आमचा वाडा होता. ‘होता’ असे म्हणावे लागते, कारण मागील भिंत दोन पावसाळ्यांत खचली, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत वाडा उतरवून घ्यावा असे आम्ही तिघा भावंडांनी ठरविले. वाडा उतरवावयाचा म्हणजे वस्तूंची वाटणी आलीच. आमची धाकटी भगिनी हिमाचल प्रदेशात कुलूच्या खोऱ्यात एका शाळेत शिकविते. तिचे यजमान तेथेच फळबागांच्या कामात आहेत. तिने पैका मागितला नाही, भांडी मागितली नाहीत. वडिलांचे ग्रंथ, आजीचे जाते, आणि माजघरातला सागवानी झोपाळा त्याच्या पितळी कड्यांसह, एवढेच तिचे मागणे होते. याच झोपाळ्यावर वडिलांच्या शेजारी बसून ती पहिली अक्षरे वाचावयास शिकली. तिला नाही कोण म्हणणार?

प्रश्न एवढाच होता की, हे सर्व वाईहून कुलूस, म्हणजे सुमारे २,००० किलोमीटर, आणि तेही ऐन जानेवारीत, न्यावे कसे? धाकट्या बंधूंचे मत स्पष्ट होते. ते म्हणाले, “दादा, मालवाहतुकीची मंडळी कशासाठी आहेत? पावती घ्यावी, विमा उतरावा, आणि मोकळे व्हावे.” मत व्यवहाराचे होते. पण मातोश्रींनी हातातली वात वळता वळता एका वाक्यात त्याचा निकाल लावला. “परक्या गाडीतून गेला तर तो माल, आपल्या गाडीतून गेले तर ते माहेर.” पुढे आणखी एक वाक्य त्यांनी हळूच जोडले. “आणि मीही त्याच गाडीतून येईन म्हणते. लेकीचे घर एकदा पाहावयाचे राहिले आहे.”

‘आपली गाडी’ म्हणजे वडिलांनी २००५ साली घेतलेली लहान मालमोटार. आमच्या भागात अशा गाडीस, मग ती कोणत्याही कारखान्याची असो, ‘टेम्पो’ म्हणतात. सेवानिवृत्तीनंतर वडिलांनी शेतात हळद लावली, आणि ती हळद सांगलीच्या पेठेत नेण्यासाठी ही गाडी घेतली. २०१४ साली ते गेले, गाडी राहिली. हौद्याच्या फळ्यांच्या सांध्यांतून बोट फिरविले तर ते अजूनही पिवळे होई. एवढ्यावरून वाचकांच्या लक्षात येईलच की, त्या गाडीविषयी आमचे मत निःपक्षपाती असणे शक्य नव्हते. बंधूंनी गाडीच्या वयाचा प्रश्न काढताच आम्ही वडीलपणाच्या अधिकाराने सांगून टाकले, “तेरा वर्षांत ती एकदाही रस्त्यात उभी राहिली नाही. रोज चालते आहे. आणखी काय पाहिजे?”

हेच वाक्य आम्ही आमच्या मिस्त्रींपुढेही मोठ्या अभिमानाने उच्चारले. मिस्त्री वडिलांच्या वेळेपासूनचे. बोलणे थोडे, आणि तेही बहुधा गाडीखालून. ते बाहेर आले, हात पुसले, आणि म्हणाले, “मास्तर, चालते हे तुम्ही सांगितलेत. थांबते का, ते मी पाहतो.”

शाळेत तीस वर्षे प्रश्न विचारण्यात गेली. पण इतका नेमका प्रश्न आम्हांस कोणी विचारल्याचे स्मरत नाही. 

वाईहून पाचगणीस चढणारा पसरणीचा घाट आमच्या दाराशीच आहे. मिस्त्रींनी हौद्यात वाळूची पोती भरविली, आम्हांस शेजारी बसविले, आणि गाडी पाचगणीपर्यंत नेऊन परत उतरविली. चढताना गाडीने काही तक्रार केली नाही. आम्ही विजयी मुद्रेने खालचे खोरे पाहात होतो. उतरताना पाचव्या-सहाव्या वळणानंतर मिस्त्रींचा पाय ब्रेकवर नेहमीपेक्षा खोल जाऊ लागला, आणि त्यांनी काही न बोलता गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घेतली. खाली आल्यावर त्यांनी ब्रेक-ऑईलची कुपी उघडून दाखविली. आतील द्रव चहाच्या काढ्यासारखा काळपट झाला होता. हा द्रव हवेतील दमट अंश हळूहळू शोषून घेतो, आणि पाणी मिसळले की त्याचा उकळण्याचा बिंदू खाली येतो. ‘डॉट ३’ जातीचा कोरडा द्रव निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. तोच ओला झाला की ही मर्यादा १४० अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक सारखे दाबलेले राहिले म्हणजे ते तापतात, द्रवात वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जात असल्यामुळे पाय जमिनीस टेकला तरी चाक धरले जात नाही. दोन वर्षांनी हा द्रव बदलावा, हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. ठाऊक असून आम्ही सहा वर्षे तो बदलला नव्हता. पुढच्या चाकाकडे जाणारी रबरी नळी मिस्त्रींनी वाकवून दाखविली, तेव्हा तिच्यावर तळहातावरील रेषांसारख्या बारीक चिरा उमटल्या. सरळ असताना त्यांतली एकही दिसत नव्हती.

त्या संध्याकाळी मिस्त्रींनी उणिवांची यादी सांगितली आणि आम्ही ती लिहून घेतली. अकरा कलमे झाली. आम्ही काहीसे दुखावून म्हणालो, “म्हणजे गाडी मोडीतच काढावी म्हणता?” त्यावर ते म्हणाले, “मोडीत काढायची असती, तर तपासली कशाला असती?”

या अकरा कलमांपैकी काहींचा विचार वाचकांपैकी ज्यांच्या दारी जुनी गाडी आहे त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून थोडा विस्ताराने सांगतो.

पहिली गोष्ट चाकांची. चालती चारही टायरे आम्ही तीन वर्षांपूर्वी बदलली होती. स्टेपनी मात्र मूळची, एकदाही न वापरलेली, म्हणून आमच्या लेखी ती कोरी करकरीत. मिस्त्रींनी तिच्या कडेवरचे चार आकडे वाचावयास सांगितले. टायराच्या कडेवर छापलेल्या या आकड्यांतील पहिले दोन आठवडा दाखवितात व पुढचे दोन वर्ष. आकडा होता ‘१२०५’. म्हणजे २००५ सालचा बारावा आठवडा. रबर वापरल्याने झिजते, पण न वापरल्याने ते टिकते असे नाही. ऊन, हवा आणि काळ त्यास आतून कडक करीत असतात. दहा वर्षांवरचे टायर नक्षी कितीही खोल असली तरी बदलावे असाच अनेक उत्पादकांचा सल्ला असतो. न वापरलेली वस्तू नवीच राहते हा आमचा समज त्या चार आकड्यांनी पुसून टाकला. संकटात जिच्यावर भिस्त, तीच सर्वांत म्हातारी निघाली!

दुसरी गोष्ट थंडीची. आमच्या मनात कुलू म्हणजे हिमाच्छादित शिखरे. पण नकाशात पाहिले तेव्हा मौज वाटली की, कुलू शहराची उंची सुमारे १,३०० मीटर, म्हणजे जवळजवळ आमच्या पाचगणीइतकीच आहे. फरक उंचीचा नाही, अक्षांशाचा आहे. पाचगणी १८ व्या अक्षांशाच्या आसपास, तर कुलू ३२ व्याच्या. त्यामुळे पाचगणीस जानेवारीत शाल पुरते, तर कुलूस रात्री पारा गोठणबिंदूशी येतो आणि कधी त्याच्याही खाली जातो. पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. इंजिनच्या बिडाच्या पोटात ते वाढले तर बीड तडकते. आमच्या रेडिएटरात वर्षानुवर्षे कृष्णेकाठचे विहिरीचे पाणी चालले होते. ते काढून इंजिनाचे पोट धुतले तेव्हा विटकरी रंगाचा गंज बादलीभर निघाला. त्याजागी मिस्त्रींनी ग्लायकोलयुक्त कूलंट व शुद्ध केलेले पाणी निम्मेनिम्मे भरले. असे मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. आम्ही विचारले, निम्मेच का, सगळे ग्लायकोलच का नको? तेव्हा कळले की, निव्वळ ग्लायकोल उणे १३ अंशांच्या सुमारासच गोठू लागते. पाण्याच्या संगतीनेच त्याचा गुण वाढतो. अधिक म्हणजे उत्तम हा नियम औषधास लागू नाही, तसा येथेही नाही.

याच कामात आणखी एक गंमत उघडकीस आली. इंजिन योग्य तापेपर्यंत पाणी रेडिएटराकडे जाऊ न देणारी जी झडप असते, थर्मोस्टॅट म्हणतात ती, आमच्या गाडीत नव्हतीच! कोण्या उन्हाळ्यात, गाडी तापते म्हणून, ती कोणीतरी काढून टाकली होती. उष्ण मुलखात हा उपाय पुष्कळजण करतात, आणि गाडी चालतेही. पण थंड मुलखात असे इंजिन दिवसभर कोमटच राहते, डिझेल अधिक खाते आणि धूर अधिक टाकते. दुखण्याचे कारण न शोधता लक्षण दडपले, की ते दुसऱ्या ऋतूत दुसऱ्या रूपाने वर येते, हे वैद्यकाचे सूत्र आम्हांस यंत्रशाळेत शिकावयास मिळाले.

तिसरी गोष्ट सकाळच्या पहिल्या प्रयत्नाची. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. बाहेर गारठा असला की ती उष्णता कमी पडते, म्हणून सिलिंडरात ग्लो-प्लग नावाच्या तापणाऱ्या कांड्या असतात. आमच्या चारांपैकी दोन मेलेल्या होत्या, आणि वाईच्या हवेत उरलेल्या दोघींवर काम भागत असल्याने त्यांचा मृत्यू कोणास कळलाच नव्हता. चारही नव्या बसविल्या. बॅटरी स्थिर असताना १२.६ व्होल्ट दाखवी, पण सुरू करण्याच्या झटक्यात ती नऊच्या खाली जाई. थंडीत तिची शक्ती आणखी घटली असती, आणि त्याच वेळी गारठलेल्या तेलामुळे इंजिन फिरविण्यास अधिक जोर लागला असता. म्हणून बॅटरी बदलली. तेलही २०-डब्ल्यू-४० ऐवजी १५-डब्ल्यू-४० घातले. हे ‘डब्ल्यू’ अक्षर हिवाळ्याचे निदर्शक असून त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत लवकर वाहते, इतके जाणले तरी गृहस्थास पुरे.

चौथी गोष्ट इंधनाची. डिझेलात मेण असते, आणि गारठ्यात ते गोठू लागून इंधनाची गाळणी तुंबविते. भारतीय मानकाप्रमाणे उन्हाळी डिझेलास ही मर्यादा १८ अंशांची व हिवाळी डिझेलास ६ अंशांची आहे. म्हणून गावाकडून भरलेले कॅन बरोबर न्यावयाचे नाहीत, डोंगर चढण्यापूर्वी टाकी जवळजवळ रिकामी होऊ द्यावयाची, आणि तिकडचेच ताजे डिझेल भरावयाचे, असे ठरले. गाळणीच्या तळाशी साचणारे पाणी दर तीन दिवसांनी सोडावे, हेही मिस्त्रींनी बजावले. लडाखसारख्या मुलखात तर लोक पूर्वी डिझेलात रॉकेल मिसळून वेळ मारून नेत. उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारे खास हिवाळी डिझेल तेथे २०१९ च्या नोव्हेंबरात, म्हणजे आमच्या प्रवासानंतर, मिळू लागले. आम्हांस तितक्या थंडीत जावयाचे नव्हते, हे आमचे भाग्य.

वाटेची आखणी बंधूंनी केली. दिल्ली व तिच्या भोवतालच्या मोठ्या टापूत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांस २०१५ पासून मनाई होती, आणि २०१८ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम केली होती. तेव्हा नाशिक, इंदूर, कोटा, जयपूर, हिसार, अंबाला अशी दिल्लीस दूरूनच नमस्कार करणारी वाट धरली. उत्तरेच्या मैदानात डिसेंबर-जानेवारीत धुके असे दाटते की, कधी पन्नास मीटरांपलीकडचे दिसत नाही. यावर दिव्यांचा उपाय फारसा चालत नाही. उलट मोठा झोत टाकला तर धुक्याचा पांढरा पडदा अधिकच डोळ्यांवर येतो. खरा उपाय म्हणजे न जाणे. म्हणून बंधूंनी वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहिला: ‘जयपूरच्या पुढे सकाळी दहाच्या आत निघावयाचे नाही, आणि सायंकाळी पाचनंतर चालावयाचे नाही.’ खाली आम्हां दोघांच्या सह्या झाल्या. केबिनमध्ये शेगडी ठेवावयाची नाही, हा दुसरा नियम. बंद जागेत कोळशाच्या विषारी वायूने झोपेतच माणसे दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात; त्या वायूस वास नसतो, म्हणून सावध होण्यासही अवसर मिळत नाही.

या सर्वांस जो खर्च आला, तो बंधूंनी एका कागदावर मांडून निमूटपणे आमच्यापुढे सरकविला. त्या रकमेत मालवाहतुकीच्या मंडळींनी ते सामान कुलूस दोनदा पोहोचविले असते. आम्ही कागद वाचला, घडी घातली, आणि खिशात ठेवला. तो आजही आमच्याजवळ आहे.

निघण्यास आठ दिवस उरले. झोपाळ्याची फळी गोधड्यांत गुंडाळली गेली, ग्रंथांच्या चौदा पेट्या झाल्या, जाते पोत्यात बसले. जड ते खाली व पुढे, हलके ते वर व मागे, अशी रचना ठरली. मातोश्रींनी आपली वळकटी, लोकरी मोजे आणि तिळगुळाचा डबा तयार ठेवला. संक्रांत वाटेतच होणार होती. परंतु तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो, असे त्या येणाऱ्या-जाणाऱ्यास सांगत होत्या. केबिनमधल्या मधल्या जागेसाठी त्यांनी स्वतः एक गादी शिवली होती.

रात्री जेवणे झाल्यावर आम्ही मिस्त्रींच्या यादीवरचे अकरावे कलम खोडीत होतो, आणि अर्थातच ते सर्वांस वाचून दाखवीत होतो. इतक्यात सौभाग्यवती ताटे उचलता उचलता म्हणाल्या, “अहो, गाडीच्या नळ्या वाकवून वाकवून पाहिल्यात. आईंचे पाय कधी पाहिलेत?”

आम्ही पाहिले नव्हते. नऊवारीच्या काठाखाली कोण पाहतो? दुसऱ्या दिवशी पाहिले तेव्हा घोट्यांशी सूज होती. बोट दाबले तर खळगा तसाच राहात होता. जिना चढताना त्या मधल्या पायरीवर थांबत, ते आम्ही वर्षभर पाहात होतो. पण तेथे खिडकी आहे, त्या नदी पाहावयास थांबतात, अशी आमची समजूत होती, आणि ती त्यांनीच करून दिली होती. औषधाची डबी काढली तर रक्तदाबाच्या गोळ्या हिशेबापेक्षा दुपटीने शिल्लक! विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “अर्धीवर बरे वाटते, मग उगीच अख्खी कशाला? महाग असतात.” दोन ग्लो-प्लगांवर चाललेल्या इंजिनाची आठवण होऊन आम्ही मान खाली घातली.

साताऱ्यास वैद्यांकडे नेले. रक्तदाब भलताच वर गेला होता, आणि हृदयावर त्याचा ताण पडू लागला होता. वेळीच आलात, असे ते म्हणाले. औषधे बदलली, मीठ कमी केले, आणि आठ दिवस थंडीत मालमोटारीतून हादरत जाण्याची गोष्ट तर त्यांनी हसण्यावारीच नेली. परतताना मातोश्री गाडीत एक अक्षर बोलल्या नाहीत. घरी आल्यावर बांधलेल्या झोपाळ्याच्या फळीवर, गोधड्यांवरच, त्या बसल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे आता मी मोडीत निघाले म्हणायची.”

अशा वेळी काय बोलावे हे शिकलेल्या माणसास सुचत नाही. आम्हांस मिस्त्रींचेच वाक्य आठवले, आणि ते आम्ही जसेच्या तसे म्हटले, “आई, मोडीत काढावयाची असती, तर तपासणी कशाला केली असती?” त्या बराच वेळ आमच्याकडे पाहात राहिल्या. मग त्यांनी उठून तिळगुळाचा डबा आणला आणि बंधूंच्या हाती दिला. “ओल्या हातांनी उघडू नका,” एवढेच म्हणाल्या. मधल्या जागेवरची गादी मात्र त्यांनी काढू दिली नाही.

दिनांक १० जानेवारीस आम्ही दोघे बंधू निघालो. प्रवासाचे वर्णन करण्याचा येथे हेतू नाही, आणि सांगण्याजोगे फारसे घडलेही नाही. पूर्वतयारी चांगली झाली याची खूण बहुधा हीच की, सांगण्याजोगे काही घडू नये. हिसारला धुक्यामुळे एक दिवस पूर्ण गेला. धर्मशाळेच्या खिडकीतून समोरची गाडीही दिसत नव्हती, आणि तरीही रस्त्यावरून भोंगे वाजवीत जाणारे जातच होते. आम्ही वही उघडून पहिले पान पाहिले आणि पुन्हा पांघरूण ओढले. बियासेच्या, म्हणजे आपल्या प्राचीन ग्रंथांतील विपाशेच्या, काठाने चढताना आणि उतरताना मिस्त्रींचा पसरणीतला धडा उपयोगी पडला: ज्या गिअरात चढावयाचे, त्याच गिअरात उतरावयाचे, आणि ब्रेक टेकवावयाचा, दाबून धरावयाचा नाही. मंडीच्या मुक्कामी सकाळी काचेवर हिम साचले होते. इंजिन मात्र पहिल्याच हाकेस ओ देऊन उठले, आणि आम्ही दोघे एकमेकांकडे न पाहता हसलो.

खरी कसोटी अगदी शेवटी लागली. भगिनीचे घर कुलूपासून सहा किलोमीटर वर, एका बाजूच्या चढावर आहे. तेथे निघालो तेव्हा दुपार कलली होती. दुसऱ्या वळणावर, जेथे हिवाळाभर ऊन पोहोचत नाही, तेथे झऱ्याचे पाणी रस्त्यावर पसरून गोठलेले दिसले. दिसले म्हणण्यापेक्षा रस्ता तेथे नुसता ओला असल्यासारखा चमकला. समोरून एक स्थानिक जीप सहज उतरून आली. दोन हजार किलोमीटर आलो, आता चार किलोमीटरांसाठी थांबावयाचे? आमचा पाय पुढे जाण्यासाठीच शिवशिवत होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वरच्या खिडकीत भगिनी उभी असणार, हेही डोळ्यांपुढे होते. इतक्यात बंधू आपल्याशीच पुटपुटल्यासारखे म्हणाले, “चालते आहे, दादा.”

आम्ही गाडी उभी केली. चाकांखाली दगड लावले, आणि भगिनीस दूरध्वनी केला. तासाभरात तिचे यजमान व शेजारची चार माणसे चारही चाके ओढणारी, साखळ्या लावलेली जीप घेऊन आली. झोपाळा, जाते आणि चौदा पेट्या तीन खेपांत वर गेल्या. माहेर शेवटचे चार किलोमीटर परक्या गाडीतून गेले. त्याने त्याचा माल झाला असे भगिनीच्या चेहऱ्यावरून तरी वाटले नाही. झोपाळ्याच्या कड्या उलगडताना तिच्या बोटांस हळद लागली, तेव्हा ती थोडा वेळ बाजूला जाऊन उभी राहिली.

मातोश्री त्याच वर्षी एप्रिलमध्ये आगगाडीने चंदीगडपर्यंत व पुढे मोटारीने लेकीच्या घरी गेल्या. पायांची सूज उतरली होती, गोळी अख्खी चालू होती. देवदाराच्या तुळईस टांगलेल्या झोपाळ्यावर त्या महिनाभर बसल्या आणि तेथून आम्हांस रोज दूरध्वनीवरून वाड्याच्या जागेची चौकशी करीत राहिल्या. जाताना त्यांनी ती शिवलेली गादी बरोबर नेली होती.

गाडीची गोष्ट एवढ्यावरच संपवितो. २०२० साली तिला पंधरा वर्षे पूर्ण झाली, तेव्हा मिस्त्री पुन्हा खाली शिरले, आणि बराच वेळाने बाहेर येऊन त्यांनी नुसती मान हलविली. सांगाडा गंजला होता. तेथे नवी नळी चालत नाही, की नवे तेल चालत नाही. आम्ही वाद घातला नाही, आणि ती म्हणही उच्चारली नाही. रीतसर कागद करून गाडी मोडीत दिली. हौद्याची एक फळी तेवढी मागून घेतली.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी जुनी वाहने नसतील. पण जुनी माणसे, जुन्या भिंती, जुन्या सवयी आहेतच. ती ‘चालत आहेत’ यात आपण समाधान मानतो, कारण तेवढे पाहावयास वाकावे लागत नाही. थांबते का, वाकविल्यावर चिरा दिसतात का, अर्ध्या औषधावर निभावते आहे का, हे पाहावयास मात्र गाडीखाली शिरावे लागते, हात काळे करावे लागतात, आणि आपणच केलेली हयगय आपल्या डोळ्यांनी पाहावी लागते. येत्या हिवाळ्यापूर्वी ज्यांस सवड होईल, त्यांनी आपल्या घरात एकवार असे वाकून पाहावे, इतकीच विनंती.